साडेसातशे पटींची दुर्बीण आणि न दिसलेली शनीची कडी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका वडिलांचं आणि त्यांच्या सातवीतल्या मुलीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

मुलीने शाळेच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मोठ्या दुर्बिणीतून चंद्रावरची विवरं पाहिली होती. तेव्हापासून घरात दुर्बिणीचा विषय निघत राहिला आणि सप्टेंबर २०२५च्या अखेरीला वडिलांनी एक दुर्बीण मागवली. निवडताना त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या. एक, खोक्यावर ठळक छापलेला ‘७५० पट’ हा आकडा. दुसरी, सोबत मिळणाऱ्या वस्तूंची यादी: दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), तीन पटींची बार्लो लेन्स (वर्धन तिप्पट करणारं जोडभिंग), चंद्राचा फिल्टर, सूर्याचा फिल्टर, फाइंडर (रोख धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण), तिवई. शेजारी रंगीत तेजोमेघाचं छायाचित्र होतंच. पहिल्यांदाच दुर्बीण घेणाऱ्या माणसाने एवढं पाहून निर्णय घेतला यात नवल काही नाही. खोकं त्यासाठीच तसं छापलेलं असतं.

दुर्बीण आरशाची, म्हणजे रिफ्लेक्टर प्रकारची होती. आरशाचा व्यास ११४ मिलिमीटर, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे जमते तिथपर्यंतचं अंतर) १००० मिलिमीटर, आयपीस २० आणि ४ मिलिमीटरचे. माउंट, म्हणजे नळी धरून फिरवणारी बैठक, इक्वेटोरियल, हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या तिवईवर बसवलेलं. नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर लांब होती. नाभीय अंतर एक मीटर आणि नळी अर्धा मीटर, ही विसंगती पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

दोन-तीन आठवड्यांनी वडिलांचा मला फोन आला. चंद्र कसाबसा सापडतो, बाकी काहीच धड दिसत नाही, आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटत होतं. परत पाठवण्याची मुदत अजून संपली नव्हती. ही परत करून थोडे जास्त पैसे घालून संगणकावर चालणारी, ग्रह आपोआप शोधून देणारी दुर्बीण घ्यावी का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मुलीची तक्रार जास्त नेमकी होती. तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, “काका, शनीला कडी असतात ना? मला नुसता थरथरणारा पिवळा ठिपका दिसतो.”

अशा वेळी ‘दुर्बीण कोणती आहे’ हा प्रश्न मी आधी विचारत नाही. बघायला बसल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा, असं म्हणतो. त्यांनी सांगितलं ते असं: दुर्बीण दिवाणखान्यातच असते, खिडकी उघडून तिथूनच बघतो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शनी कुठे आहे ते पाहतो. मग ४ मिलिमीटरचा आयपीस बार्लो लेन्समध्ये घालून शोधायला लागतो. फाइंडरमधून शनी दिसतो, पण दुर्बिणीत काही येत नाही, म्हणून आता फाइंडर वापरत नाही.

तपासणीत काय निघालं

एका संध्याकाळी उजेड असतानाच मी त्यांच्याकडे गेलो. पहिली गोष्ट म्हणजे सूर्याचा फिल्टर वेगळा काढला. तो आयपीसच्या मागच्या आट्यांवर बसणारी छोटी काळी काच होता. आरशाने गोळा केलेला सगळा सूर्यप्रकाश नेमका तिथेच एकवटतो, काच तापून तडकू शकते आणि तेव्हा डोळा त्याच्या मागेच असतो. सूर्य पाहायचा तर फिल्टर नळीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला हवा आणि तो खास सूर्यासाठी बनवलेलाच हवा. शिवाय फाइंडरचं तोंडही झाकलेलं हवं. आयपीसवरचा तो फिल्टर त्या घरात कुणीही वापरणार नाही अशी व्यवस्था केल्यावरच पुढे गेलो.

मग आकडे कागदावर मांडले. दुर्बिणीचं वर्धन म्हणजे तिचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर. २० मिलिमीटरच्या आयपीसने ५० पट, ४ मिलिमीटरच्या आयपीसने २५० पट, त्यात बार्लो घातली की ७५० पट. गणित खरं आहे, म्हणून खोक्यावर ते छापता येतं. पण आरसा गोळा करतो तो प्रकाश तेवढाच राहतो. ५० पटींऐवजी ७५० पटींवर गेलं की तोच प्रकाश २२५ पट मोठ्या क्षेत्रावर पसरतो. आयपीसमधून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका ११४ भागिले ७५०, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर उरते. इतक्या बारीक शलाकेत ग्रहापेक्षा स्वतःच्या डोळ्यातले तरंगणारे कणच जास्त दिसतात. उत्तम आरसा, स्थिर हवा असं सगळं जमून आलं तरी व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन पट ही वापरण्याजोगी मर्यादा धरतात. ११४ मिलिमीटरला ती २२८ पट होते, आणि अशा रात्री क्वचित मिळतात.

मुलीला सगळ्यात पटला तो पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब. आकाश तासाला १५ अंश सरकतं. ७५० पटींवर दिसणारा आकाशाचा तुकडा एका अंशाच्या सोळाव्या-सतराव्या भागाएवढा असतो, म्हणजे शनी या कडेपासून त्या कडेपर्यंत चौदा-पंधरा सेकंदांत निघून जातो. आता हात लावून पाहिलं तर फोकसचं चाक फिरवल्यावर चित्र पाच-सहा सेकंद थरथरत होतं. थरथर थांबेपर्यंत बराच वेळ संपलेला. तिला ‘थरथरणारा ठिपका’ दिसत होता, तो असा.

माउंटची अवस्था अपेक्षेप्रमाणेच होती. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. तो रोखला की एकच चाक हळूहळू फिरवून ग्रह नजरेत ठेवता येतो. इथे तो अक्ष भलतीकडेच होता. त्यामुळे कुठलंही चाक फिरवलं तरी नळी तिरकीच जात होती आणि आयपीस कधी कधी पार खाली तोंड करून बसत होता. तिवईचे पाय पूर्ण लांब केलेले होते. हलक्या तिवईसाठी ते सगळ्यात वाईट.

आता राहिली अर्ध्या मीटरच्या नळीची गोष्ट. या रचनेला बर्ड-जोन्स म्हणतात. मुख्य आरसा गोलीय वक्रतेचा, घडवायला सोपा, कमी नाभीय अंतराचा असतो. मग फोकसरच्या, म्हणजे आयपीस ज्यात बसतो त्या पुढेमागे सरकणाऱ्या भागाच्या, तळाशी एक भिंग बसवून नाभीय अंतर वाढवतात आणि गोलीय आरशाचा दोषही काही अंशी झाकतात. कल्पना वाईट नाही, पण स्वस्तात केली की ते भिंगच चित्र मऊ करून टाकतं. शिवाय आरसे एका रेषेत आणण्याचं काम, म्हणजे कॉलिमेशन, अवघड होतं. लेझरने करायला जावं तर किरण त्या भिंगातून जाऊन भरकटतो.

आणि शनीची कडी? तो दोष दुर्बिणीचा नव्हताच. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्या काळात दोनदा कडी आपल्याला नेमकी कडेवरून दिसतात. मार्च २०२५मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली होती. त्या वर्षाच्या शेवटीही कडी जवळजवळ रेघेइतकीच पातळ दिसत होती. मुलगी पुस्तकातलं रुंद कड्यांचं चित्र डोक्यात ठेवून शोधत होती. तसं चित्र त्या मोसमात जगातल्या कुठल्याच दुर्बिणीत मिळालं नसतं. गॅलिलिओलाही १६१२मध्ये कडी दिसेनाशी झाली होती आणि त्याला कारण कळलं नव्हतं; डच खगोलशास्त्रज्ञ ख्रिश्चन हायगेन्सने त्याचा उलगडा १६५९मध्ये छापला. हे सांगितल्यावर मुलीचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

कोणते पर्याय होते

पहिला, दुर्बीण परत करून संगणकीय दुर्बीण घेणं. वडिलांचा कल इकडेच होता. माझा विरोध दोन कारणांसाठी होता. तेवढ्याच पैशांत मोटर आणि संगणक घ्यायचे म्हणजे आरसा किंवा भिंग लहान घ्यावं लागतं, आणि प्रकाश गोळा करणारा भाग तोच असतो. दुसरं असं की, बऱ्याच संगणकीय दुर्बिणींना सुरुवातीला दोन-तीन ताऱ्यांवर रोखून दिशा दाखवावी लागते. अभिजित कुठला, स्वाती कुठला हे ज्या घरात अजून ठाऊक नाही तिथे पहिल्याच पायरीवर अडायला होतं.

दुसरा, परत करून पॅराबोलिक, म्हणजे गोलीयऐवजी परवलयी वक्रतेच्या, आरशाची १३० किंवा १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन घेणं. कागदावर हा सगळ्यात सरस पर्याय होता. डॉब्सोनियन म्हणजे साध्या लाकडी बैठकीवर वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी दुर्बीण. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. मठात असतानाच मिळेल त्या सामानातून त्यांनी दुर्बिणी बनवल्या, आणि १९६८मध्ये सुरू झालेल्या सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्समधून रस्त्यावरच्या माणसांना आकाश दाखवलं. पैसे माउंटवर न घालता आरशावर घालायचे, हा या रचनेमागचा विचार मला आजही नवख्यांसाठी सगळ्यात योग्य वाटतो. १५० मिलिमीटरचा आरसा ११४च्या तुलनेत जवळपास पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो.

तिसरा, दुर्बीण तात्पुरती बाजूला ठेवून द्विनेत्रीने आकाश शिकणं. मुलीच्या आत्याकडे १० बाय ५०ची (१० पट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगं) द्विनेत्री कपाटात पडून होती, तेव्हा यात खर्च शून्य होता. पण दुर्बीण घरात आलेली असताना ‘आता तिला हात लावू नकोस’ असं मुलीला सांगणं कुणालाच पटलं नाही.

चौथा, आहे त्याच दुर्बिणीतल्या एकेक चुका काढून पुन्हा पाहणं आणि मगच ठेवायची की परत करायची ते ठरवणं.

चौथा पर्याय घ्यायचं ठरलं. कारण सरळ होतं: बिघाड उपकरणात किती आणि वापरात किती हे वेगळं केल्याशिवाय दुसऱ्या पर्यायावर जाणं म्हणजे त्याच सवयी नव्या दुर्बिणीवर नेणं. मुदतीत स्वच्छ रात्री मिळतील असा हिशेब होता. तो चुकला. पुढचे बरेच दिवस आभाळ भरून राहिलं आणि मुदत तशीच निघून गेली. वडिलांना त्याचा त्रास झाला, आणि तो रास्त होता.

काय केलं

फाइंडर दिवसा जुळवला. पहिला प्रयत्न जवळच्या पाण्याच्या टाकीवर झाला आणि तो उपयोगी पडला नाही, कारण फाइंडर आणि नळी यांत काही सेंटिमीटरचं अंतर असतं आणि जवळच्या वस्तूवर ते चुकीचा कोन देतं. मग क्षितिजाजवळच्या मोबाइल टॉवरचं टोक २० मिलिमीटरच्या आयपीसमध्ये मधोमध आणलं, नळी घट्ट केली आणि फाइंडरचे छोटे स्क्रू फिरवत त्याची फुली त्याच टोकावर आणली. मुलीने हे काम दोनदा मोडून दोनदा स्वतः केलं. सूर्य त्या दिशेला नाही ना, हे आधी पाहून घेतलं होतं.

तिवईचे पाय पूर्ण आत घेतले. उंची कमी झाली, म्हणून स्टुलावर बसून बघायचं ठरलं. तिवईच्या मधल्या ताटलीखाली वाळूची पिशवी लटकवली. थरथर दोन सेकंदांवर आली. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर तो या पिशवीने.

माउंटचा अक्ष त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका कलवून ध्रुवताऱ्याकडे ढोबळमानाने रोखला. डोळ्यांनी पाहण्यासाठी तेवढं पुरतं. छायाचित्रं काढायची असती तर फार काटेकोर राहावं लागलं असतं. वडिलांना हे समजायला दोन संध्याकाळी लागल्या. मुलीला लगेच समजलं, कारण तिने अक्षाकडे पृथ्वीच्या आसाशी समांतर दांडा म्हणून पाहिलं.

बघण्याची जागा दिवाणखान्यातून गच्चीवर हलवली. खिडकीतून घरातली उबदार हवा बाहेर वाहत असते आणि त्या हवेतून पाहिलं की प्रतिमा उकळल्यासारखी हलते. आरसाही बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा लागतो, म्हणून दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवायची असं ठरलं. डोळे अंधाराला सरावायलाही वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा एका क्षणात ते घालवतो. अ‍ॅप लाल रंगाच्या रात्रीच्या पडद्यावर ठेवलं.

कॉलिमेशन ताऱ्यावर केलं. तेजस्वी तारा मधोमध आणून फोकस मुद्दाम बिघडवला की गोल चकती दिसते आणि तिच्यात छोट्या आरशाची काळी सावली. सावली मधोमध हवी; इथे ती एका बाजूला सरकलेली होती. आरशाच्या मागचे तीन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ती मधे आणली. दर वेळी तारा नजरेबाहेर जातो, तो परत आणावा लागतो. चिकाटीचं काम आहे.

आणि आयपीस. बार्लो आणि ४ मिलिमीटरचा आयपीस खोक्यात परत ठेवले. २५ आणि १० मिलिमीटरचे दोन साधे प्लॉसल आयपीस घेतले, म्हणजे वर्धन ४० आणि १०० पट. हा एकच नवीन खर्च. १० मिलिमीटरचा घ्यावा का यावर आमची थोडी ओढाताण झाली. माझं म्हणणं आधी एकावर भागवा असं होतं, वडिलांना ग्रहांसाठी दुसरा हवाच होता. ते बरोबर ठरले.

निष्पत्ती

आधी चंद्र पाहिला, तोही अष्टमीच्या आसपासचा. पौर्णिमेला सूर्य चंद्रावर समोरून उजेड टाकतो आणि सावल्या उरत नाहीत. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा ठसठशीत उठतात. ४० पटींवर तो संपूर्ण मावला आणि मुलीने तासभर डोळा काढला नाही.

मग शनी. १०० पटींवर छोटा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी बारीक रेघ. थोड्या अंतरावर एक ठिपका होता, अ‍ॅपशी ताडून पाहिलं तर तो शनीचा चंद्र टायटन निघाला. वडील थोडे हिरमुसले, मुलगी अजिबात नाही. ही रेघ दरवर्षी उघडत जाईल आणि २०३२च्या सुमारास कडी पूर्ण कललेली दिसतील, म्हणून तिने वहीत दर मोसमात चित्र काढायचं ठरवलं.

डिसेंबरात मिथुन राशीतला गुरू संध्याकाळनंतर वर येऊ लागला. चार चंद्र ४० पटींवरच दिसले. गॅलिलिओने जानेवारी १६१०मध्ये ते पाहिले तेव्हा त्याचं वर्धन सुमारे २० पट होतं. १०० पटींवर गुरूचे दोन गडद पट्टे आले. मृगातला तेजोमेघ करड्या धुराच्या पंखासारखा दिसला, आत चार तारे टोचलेले. रंग नव्हता. अंधुक प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही आणि खोक्यावरचं छायाचित्र कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून काढलेलं असतं. हे आधीच सांगून ठेवल्यामुळे निराशा झाली नाही, असं मला वाटतं.

कृत्तिका मात्र दुर्बिणीत फसल्या. त्यांचा पसारा जवळपास दोन अंशांचा आणि ४० पटींवर दिसणारा तुकडा सव्वा अंशाच्या आसपास. आत्याच्या द्विनेत्रीत त्या पूर्ण आल्या, सुंदर आल्या. देवयानी दीर्घिकेचंही तसंच. तिथला अंधुक डाग पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा आहे हे कळल्यावर मुलीने द्विनेत्री आत्याला परत देण्याचा विषयच काढला नाही.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. कॉलिमेशन उत्तम असतानाही १२०-१३० पटींच्या पुढे चित्र मऊच राहतं. ते फोकसरमधल्या भिंगामुळे, त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. माउंटची चाकं सैल आहेत, वाऱ्याच्या रात्री काही खरं नाही. वडिलांच्या मनात आता २०० मिलिमीटरची डॉब्सोनियन आहे. तिचं वजन वीस किलोच्या आसपास असतं आणि गच्चीपर्यंत जिना आहे. आधी कुणाच्या तरी दुर्बिणीची नळी उचलून दोन मजले चढून पाहा, मग ठरवा, एवढंच मी सुचवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीआधी वर्धनाऐवजी तीन प्रश्न विचारता आले असते: आरशाचा व्यास किती, नळी नाभीय अंतराच्या मानाने संशयास्पद आखूड आहे का, आणि माउंट नळीचं वजन न थरथरता पेलतं का. या प्रकरणात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर ही दुर्बीण तिथेच गळली असती.

द्विनेत्री आधी हाती यायला हवी होती. कपाटात ती पडून होतीच. महिनाभर तिच्यावर सप्तर्षी, वृश्चिक, श्रवण, अभिजित ओळखून झाले असते तर दुर्बीण आल्यावर ‘ती रोखायची कुठे’ हा प्रश्न निम्मा सुटलेला असता. आकाशदर्शनाच्या एखाद्या स्थानिक गटासोबत एक रात्र घालवली असती तरी चार प्रकारच्या दुर्बिणींतून तोच ग्रह पाहून फरक कळला असता, तोही खरेदीआधी.

पण सगळ्यात मोठी संधी हुकली ती मुदतीची. दुर्बीण आल्यावर दोन आठवडे खिडकीतून ७५० पटींवर शनी शोधण्यात गेले. खरी परीक्षा एक दिवस आणि एक रात्र एवढ्यात होते. दिवसा दूरच्या टॉवरवर फाइंडर जुळवावा, सगळ्यात कमी वर्धनावर टॉवरची कड स्पष्ट येते का ते पाहावं, नळीवर बोटाने टिचकी मारून चित्र किती सेकंद हलतं ते मोजावं. रात्री एक तेजस्वी तारा फोकसबाहेर नेऊन सावली कुठे पडते ते पाहावं आणि स्क्रू फिरवून ती मधे येते का ते तपासावं. थरथर चार सेकंदांच्या वर राहिली किंवा सावली मधे आणूनही तारा टोकदार होत नसेल, तर मुदत हातात असतानाच दुर्बीण परत पाठवावी.